घर तारण, नोटीस आणि वकिलाचा शोध

सांगलीत नदीकाठच्या बाजूला आमचे दुमजली घर आहे आणि ते एका नागरी सहकारी बँकेकडे तारण आहे. हप्ते थकल्यानंतर बँकेने सरफेसी कायद्याखाली, म्हणजे २००२ च्या ज्या कायद्यामुळे बँकांना न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकता येते त्या कायद्याखाली, कारवाई सुरू केली. त्या काळात कायदेशीर मदत कुठे शोधली, कुणी काय सांगितले आणि त्यातले काय उपयोगी पडले, ते येथे लिहीत आहे. बँकेचे नाव लिहिण्याचे कारण नाही; प्रकरण आता तडजोडीने मिटले आहे आणि अशा नोटिसा काढणाऱ्या बँकाही एकदोन नाहीत.

कर्ज २०१८ मधले. वरचा मजला बांधण्यासाठी यजमानांनी आणि मी मिळून ते काढले होते. घर दोघांच्या नावावर असल्याने मी सहकर्जदार होते, आणि पुढे या एका गोष्टीचा फार उपयोग झाला. यजमानांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकान आणि घराचा तळमजला दोन्ही पाण्याखाली गेले, पाठोपाठ कोरोना आला आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी शिरले. शेतकऱ्यांच्या दुरुस्तीसाठी आलेल्या मोटारीही त्यात बुडाल्या होत्या. त्यांचे पैसे आम्हालाच भरून द्यावे लागले. तरीही हप्ते मागेपुढे का होईना जात होते. नंतर यजमानांच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेमुळे दुकान काही महिने बंद राहिले आणि हप्ते थांबले. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या शब्दात एनपीए होते, आणि तसे झाल्यावरच बँकेला सरफेसीची नोटीस काढता येते.

नोटीस २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास रजिस्टर पोस्टाने आली. इंग्रजीत होती. १७ लाख ३८ हजार रुपये ६० दिवसांत भरावेत, अन्यथा तारण मालमत्तेवर पुढील कारवाई करण्यात येईल, असा तिचा आशय होता. वर मथळ्यातच ‘कलम १३(२)’ असे लिहिलेले होते. आम्ही रकमेकडे पाहत राहिलो; कलमाकडे लक्ष जायला वेळ लागला. खरे तर कुणाकडे जायचे, हे सारे त्या कलमावरूनच ठरत होते.

घरात नोटीस आली की सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. यजमानांच्या मामांचे म्हणणे असे पडले की पुढची रजिस्टरे घेऊच नयेत, ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत जाऊ द्यावीत, म्हणजे नोटीस लागूच होत नाही. हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे: नाकारलेले टपाल कायद्याच्या दृष्टीने मिळालेलेच धरले जाते, शिवाय बँक तीच नोटीस दारावर चिकटवू शकते. दिरांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणण्याचा आग्रह धरला. न्यायालयाच्या आवाराबाहेर चहाच्या गाड्यावर भेटलेल्या एका गृहस्थांनी, जे वकील नव्हते पण सर्व वकिलांना ओळखत होते, पन्नास हजारांत ‘स्टे’ आणून देण्याची तयारी दाखवली आणि निम्मे पैसे आधी मागितले. कुठल्या न्यायालयाचा स्टे, कुठल्या कलमाखाली, असे विचारल्यावर त्यांनी उत्तर दिले, “तुम्हाला आंबा खायचाय का झाडं मोजायचीत?” त्यांचा नंबर मी लिहून घेतला नाही.

आमचे वाटणीपत्र ज्यांनी केले होते त्या वकिलांकडे मग आम्ही गेलो. वयस्कर आहेत, विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी कामे करतात. त्यांनी नोटीस पूर्ण वाचली आणि चष्मा काढून सरळ सांगितले, “वहिनी, हे माझ्या कोर्टातलं काम नाही. मी दावा दाखल करून तुमची फी घेऊ शकतो, पण कलम ३४ खाली तो टिकणार नाही.” सरफेसीच्या त्या कलमाने ज्या बाबी कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे सोपवल्या आहेत, त्यांत दिवाणी न्यायालयाला हस्तक्षेप करता येत नाही. न्यायाधिकरण, म्हणजे डीआरटी, आपल्यासाठी पुण्यात आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर ही सगळी प्रकरणे तिकडेच जातात. त्यांनी फी घेतली नाही. या सगळ्या प्रवासात मला मिळालेला पहिला खरा कायदेशीर सल्ला म्हणजे एका वकिलाने दिलेला हा नकार होता, असे मी मानते.

पुण्यात या विषयाचे काम करणारे वकील आहेत, पण तेथल्या एका कार्यालयाने फोनवर सांगितलेला फीचा आकडा आमच्या आवाक्यात नव्हता. आकडा वाजवी होता की नव्हता, हे मला ठरवता येणार नाही. हप्ते थकलेल्या माणसाला तो झेपणारा नव्हता, एवढे नक्की.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे नाव मी बचत गटाच्या एका मेळाव्यात ऐकले होते. घरगुती छळ, पोटगी, अटकेतील आरोपी यांच्यासाठी ती सोय असते, असा माझा समज होता. १५१०० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा कळले की विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्ये ‘न्यायालय’ या शब्दात न्यायाधिकरणेही येतात आणि बँकेच्या कारवाईविरुद्धही मदत मागता येते. त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये कुणाला मोफत मदत मिळते ते दिले आहे: अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त, कोठडीतील व्यक्ती, आणि स्त्रिया व बालके. या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपेक्षा कमी असावे लागते आणि त्यासाठी तहसीलदारांचा दाखला जोडावा लागतो. दुकानाची उलाढाल कागदावर पाहता यजमानांचा अर्ज अडकला असता. माझा अर्ज मात्र केवळ मी स्त्री आहे आणि सहकर्जदार आहे, एवढ्यावर दाखल झाला. ज्या घरांत कर्जावर बायकोची सही घेतलेली असते, आणि ती हल्ली जवळजवळ प्रत्येक घरकर्जात असते, तेथे अर्ज तिच्या नावाने करावा हे कुणी आपण होऊन सांगत नाही.

प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्याच इमारतीत आहे. प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात आणि रोजचे काम सचिव पाहतात, जे स्वतः न्यायाधीश असतात. तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती असते, त्यामुळे जत किंवा आटपाडीच्या माणसाने अर्जासाठी सांगलीला यायला हवे असे नाही. अर्जाचा नमुना साधा आहे: नाव, पत्ता, प्रकरणाचे थोडक्यात स्वरूप, कोणत्या गटात बसता, आधारची प्रत आणि जवळचे कागद. माझ्यासोबत बाकावर तासगावकडचे एक आजोबा बसले होते. त्यांच्याकडेही ‘बँकेची’ नोटीस होती, पण ती निघाली पतसंस्थेची. तेथल्या विधी स्वयंसेवकाने त्यांना समजावून सांगितले की पतसंस्थांना सरफेसी लागू नाही. त्यांची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालच्या वसुली दाखल्याने आणि नियम १०७ खाली, विशेष वसुली व विक्री अधिकाऱ्यामार्फत होते. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर तो कोल्हापूरला विभागीय सहनिबंधकांकडे, आणि त्यासाठी दाखल्यातील रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणजे आजोबांचा रस्ता कोल्हापूरचा, माझा पुण्याचा. दोघांच्या हातातले कागद मात्र दिसायला सारखेच होते.

सहकारी बँकांच्या बाबतीत हा घोळ अधिकच होतो, कारण त्या सहकार खात्याकडे नोंदलेल्या असूनही सरफेसी वापरू शकतात. त्यांना हा कायदा लागू आहे की नाही यावर अनेक वर्षे वाद चालला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तो निकालात काढला, आणि ते प्रकरण आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेचेच होते. तरीही ‘सहकारी बँकेला सरफेसी चालत नाही’ असे छातीठोकपणे सांगणारे लोक मला त्यानंतरही भेटले.

मला नेमून दिलेल्या वकील तिशीतल्या होत्या. त्यांनी पहिल्या भेटीत नोटिशीआधी पाकीट मागितले. मी ते नशिबाने नोटिशीलाच टाचून ठेवले होते. त्यावरचा पोस्टाचा शिक्का त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, तारीख पेन्सिलीने पाकिटाच्या कोपऱ्यात लिहिली आणि त्याखाली साठावा दिवस कोणता ते लिहिले. “काकू, पाकीट टाकायचं नाही. नोटिशीवरची तारीख त्यांची असते, पाकिटावरची तुमची,” असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी वहीचे एक पान उभे दुमडले. डावीकडे बँकेने केलेली प्रत्येक गोष्ट तारखेसह आणि उजवीकडे आम्ही केलेली. पुढचे वर्षभर ते पान वाढत गेले, आणि पुण्याला गेलेल्या अर्जातला घटनाक्रम जवळजवळ त्यावरूनच उतरला.

पहिले काम होते कलम १३(३अ) खालच्या हरकतीचे. ६० दिवसांच्या मुदतीत कर्जदाराला बँकेकडे लेखी म्हणणे मांडता येते, आणि बँकेला ते मान्य नसेल तर १५ दिवसांत कारणांसह कळवावे लागते. बँकेने हरकतींचा विचार केलाच पाहिजे, हे तत्त्व मार्डिया केमिकल्स प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ मधील निकालातून आले, आणि त्याच निकालाने न्यायाधिकरणात जाण्याआधी ७५ टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली. ती अट राहिली असती तर आमच्यासारख्यांना पुण्याचे दार बंदच होते. हरकत लिहिण्यासाठी खात्याचा संपूर्ण उतारा हवा होता. शाखेत तोंडी मागून मिळेना, म्हणून लेखी अर्ज देऊन पोच मागितली. काउंटरवरील कर्मचारी आवक शिक्का मारायला तयार नव्हते. वकीलबाईंनी सांगितल्याप्रमाणे तोच अर्ज रजिस्टरने आणि नोटिशीवर छापलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या ई-मेलवर पाठवला, तेव्हा उतारा आला.

त्या उताऱ्यावर आम्ही दोघींनी बरेच तास घालवले, आणि तो वेळ सर्वांत फलदायी ठरला. दोन गोष्टी सापडल्या. यजमानांचे त्याच शाखेत पिग्मी खाते होते. त्याची मुदत संपून गेली होती आणि ती रक्कम बँकेने कर्जापोटी अडवून ठेवली होती, पण कर्जखात्यात जमा धरलेली नव्हती. म्हणजे आमचे पैसे त्यांच्याकडे आणि व्याज आमच्यावर. दुसरी गोष्ट दंडव्याजाची होती. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे थकबाकीबद्दल दंड हा शुल्काच्या रूपातच घेता येतो; व्याजदरात भर घालून दंडव्याज लावता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याजही चढवता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून आणि जुन्या कर्जांना उशिरात उशिरा ३० जून २०२४ पर्यंत लागू व्हायचे होते. आमच्या उताऱ्यात जुलैनंतरही दंडव्याज मुद्दलात मिळवलेले दिसत होते. रक्कम फार मोठी नव्हती. परंतु मागणीचा आकडा तपासण्याजोगा आहे, हे कागदावर आणायला ती पुरेशी होती.

बँकेचे उत्तर मुदतीत आले. पिग्मीची रक्कम त्यांनी जमा करून घेतली, बाकी सर्व फेटाळले. अशा फेटाळणीविरुद्ध लगेच न्यायाधिकरणात जाता येत नाही. बँकेने ताबा घेण्यासारखे प्रत्यक्ष पाऊल उचलल्यावरच कलम १७ खाली अर्ज करता येतो. पुढचे काही महिने म्हणून वाट पाहण्यात गेले. याच काळात लोकअदालतीची नोटीस आली. लोकअदालत हे उत्तम साधन आहे, तेथे खर्च नाही, पण तेथे झालेल्या तडजोडीचा निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्याविरुद्ध अपील नाही. त्या दिवशी बँकेचे अधिकारी जे हप्ते सांगत होते ते आम्हाला झेपणारे नव्हते. वकीलबाईंनी मला पुढे होऊन सही करू दिली नाही, आणि तडजोड न झाल्याने कागद तसाच परत गेला. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येते, हे त्यांनी सांगितले; उतारा न देणे, पोच न देणे अशा सेवेतील त्रुटींसाठी तो मार्ग चांगला आहे, पण त्याने सरफेसीची मुदत थांबत नाही, म्हणून आम्ही त्यात वेळ घातला नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात सांकेतिक ताबा झाला. प्राधिकृत अधिकारी आणि दोन पंच आले, फाटकाच्या डाव्या खांबावर ताबा नोटीस चिकटवली, तिचे आणि घराचे फोटो काढले, पंचनामा केला आणि निघून गेले. आम्हाला घराबाहेर काढले नाही. सांकेतिक ताब्यात ते करत नाहीत. पण गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस तेथे थांबून वाचू लागला. सासूबाईंनी त्या दिवसापासून पुढच्या फाटकाने बाहेर जाणे सोडले, मागच्या बोळातून देवळात जायच्या. नंतर दोन वृत्तपत्रांत नावांसह जाहीर नोटीस आली, तेव्हा नात्यातल्यांचे फोन सुरू झाले. वकीलबाईंनी मात्र मला ते दोन्ही अंक आणायला लावले आणि त्यांवरील तारीख पाहून त्या पहिल्यांदाच जरा खुलल्या. नियमाप्रमाणे ताबा घेतल्यापासून सात दिवसांच्या आत दोन प्रमुख वृत्तपत्रांत, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील, ही नोटीस प्रसिद्ध व्हायला हवी. आमची ती मुदत उलटल्यावर आली होती. ज्या अंकाने आमची अब्रू गेली असे घरच्यांना वाटत होते, तोच अंक अर्जाला पुरावा म्हणून जोडला गेला.

आता ४५ दिवसांची मुदत सुरू झाली होती. कलम १७ चा अर्ज एवढ्या काळात व्हावा लागतो आणि ही मुदत मागे-पुढे करण्याच्या भरवशावर कुणीही राहू नये. कागद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला वेळ लागणार हे गृहीत धरून वकीलबाईंनी ताब्याच्या दुसऱ्याच दिवशी, पुण्यात पॅनेलवरचा, म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतला, वकील नेमावा असा अर्ज माझ्याकडून घेतला आणि मसुद्याचे काम सांगलीतच सुरू केले. पुण्याच्या वकिलांना तो मसुदा फोनवरून समजावून सांगताना मी वकीलबाईंसमोर बसले होते. माझ्यापेक्षा त्यांना तारखा जास्त पाठ होत्या. मोफत मिळणारी मदत दुय्यम दर्जाची असते असे म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. सगळेच पॅनेल वकील असे असतील असा माझा दावा नाही, आणि काम नीट होत नसेल तर वकील बदलून मागण्याची सोय प्राधिकरणात आहे.

एका ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याने याच सुमारास सांगितले की तुमची रक्कम २० लाखांच्या आत आहे, डीआरटी तुमचे प्रकरण घेणारच नाही. ऐकून पोटात गोळा आला. पुण्याच्या वकिलांनी खुलासा केला: २० लाखांची किमान मर्यादा, जी २०१८ मध्ये १० लाखांवरून वाढवली गेली, ती बँकेने वसुलीसाठी करावयाच्या मूळ अर्जाला आहे, कर्जदाराच्या कलम १७ च्या अर्जाला नाही. अर्जाची फी दहा लाखांपर्यंतच्या बाकीवर दर लाखाला ५०० रुपये आणि त्यापुढे ५,००० अधिक वरच्या प्रत्येक लाखाला किंवा त्याच्या भागाला २५० रुपये अशी असते. आमच्या मागणीवर ती ७,००० होत होती आणि विधी साहाय्यात तीही धरली गेली. पुण्याला जाण्यायेण्याचा खर्च तेवढा आमचा होता.

न्यायाधिकरणातली सुनावणी मी मनात चितारली होती त्यापेक्षा फारच आटोपशीर होती. आमच्या वकिलांनी वृत्तपत्रांच्या तारखा, दंडव्याज आणि पिग्मीची नोंद एवढेच मांडले. बँकेच्या वकिलांनी थकबाकी मान्य आहे की नाही ते विचारले, आणि ती मान्यच होती. पुराचा उल्लेख झाला, पण न्यायाधिकरणापुढे दयेचा अर्ज चालत नाही. बँकेने नियम पाळले का, एवढेच तपासले जाते. पैसे न भरण्याचे कारण कितीही खरे असले तरी तेथे त्याला मर्यादित जागा आहे, हे पुण्याला निघण्याआधीच मनाशी धरून ठेवलेले बरे. अंतरिम आदेश सशर्त मिळाला: ठरावीक रक्कम दोन टप्प्यांत भरा, तोपर्यंत प्रत्यक्ष ताबा घेऊ नये. पहिला टप्पा दिरांनी दिला. दुसऱ्यासाठी कुपवाडचा गुंठेवारीतला प्लॉट विकायला काढला, आणि तो भावापेक्षा कमीच गेला.

हा आदेश योग्य वेळी आला, कारण बँकेने तोवर कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे प्रत्यक्ष ताब्यासाठी अर्ज केलेला होता. त्या टप्प्यावर कर्जदाराचा वाद ऐकून घेतला जात नाही. कागदपत्रे पुरी आहेत का ते पाहून आदेश होतो आणि मग तहसीलदार व पोलीस येतात. तेथे जाऊन आपली बाजू मांडू, असे अनेक जण समजतात. आपली बाजू मांडण्याची जागा त्याच्या आधीची असते.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सांगलीतल्या प्रत्येकाने आम्हाला तिकडे जायला सांगितले. एवढ्या वर्षांच्या मागणीनंतर मुंबईची वारी संपल्याचा आनंद सगळ्यांनाच होता. मी वकीलबाईंना विचारले. त्या हसून म्हणाल्या, “काकू, जवळ आलं म्हणून कायदा बदलत नाही.” सरफेसीसाठी कायद्यानेच न्यायाधिकरणाचा मार्ग दिलेला असताना उच्च न्यायालयांनी रिट याचिकेत सहसा लक्ष घालू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सत्यवती टंडन प्रकरणात २०१० मध्येच बजावले आहे.

दुसरा टप्पा भरल्यानंतर बँकेचा सूर बदलला. बोलणी सुरू झाली तेव्हा त्यांनी एकरकमी परतफेडीची योजना पुढे केली. दंडव्याज आणि व्याजाचा काही भाग सोडायचा, उरलेले सगळे तीन महिन्यांत भरायचे. सूट चांगली होती. पण तेवढे पैसे घर विकल्याशिवाय उभे राहिले नसते, आणि एकरकमी तडजोडीने बंद झालेल्या खात्यावर पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो, जो यजमानांना दुकानासाठी पुन्हा कर्ज काढताना आडवा आला असता. आम्ही दुसरी मागणी ठेवली: दंडव्याज वगळून सर्व थकीत हप्ते भरतो, खाते नियमित करा आणि उरलेले कर्ज पूर्वीसारखे हप्त्यांनी घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२१ च्या खुलाशाप्रमाणे मुद्दल व व्याजाची संपूर्ण थकबाकी भरल्यावरच एनपीए खाते पुन्हा नियमित होऊ शकते, त्यामुळे ‘निम्मे आता, निम्मे नंतर’ असे यात चालत नाही. प्लॉटचे उरलेले पैसे आणि माझ्या भावाने दिलेली रक्कम मिळून थकबाकी पुरी झाली. बँकेच्या संचालक मंडळाने ठराव केला.

त्यानंतर तडजोडीच्या अटी लिहिण्याचे काम झाले आणि येथे वकीलबाईंनी जी चिकाटी दाखवली ती मी विसरणार नाही. बँकेच्या मसुद्यात ‘पुढील कारवाई स्थगित ठेवण्यात येईल’ असे वाक्य होते. ते त्यांनी खोडून १३(२) ची नोटीस मागे घेतल्याचे, ताबा नोटीस रद्द केल्याचे आणि कलम १४ चा अर्ज परत घेत असल्याचे स्वतंत्र उल्लेख घालायला लावले. स्थगित म्हणजे एक हप्ता चुकला की जिथे थांबले तिथून पुढे सुरू, हे त्यांनी आम्हाला आणि बँकेच्या वकिलांना एकाच वेळी ऐकवले. अटी न्यायाधिकरणात दाखल होऊन आमचा अर्ज निकाली निघाला.

कलम १४ चा अर्ज मागे घेतल्याच्या पत्राची प्रत बँकेने आम्हाला दिली होती, तरी ती मी स्वतः विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन दिली आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतला, कारण बँकेकडून निघालेले पत्र फाइलला लागेलच याची खात्री नसते. हप्ते आता पगारदारांसारखे दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जातात. मालमत्ता पत्रकावरचा बोजा कर्ज फिटेपर्यंत राहणारच आहे. ते फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि बँकेच्या कारणाने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा १३ सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे. त्याची प्रतही वकीलबाईंनी त्याच फाइलमध्ये लावून दिली आहे.